महाजनी (गोव्यातील देवस्थानांची)

महाजनी : गोव्यातील हिंदू देवालयाचा आणि त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी, नोंदीत असलेल्या महाजनांची (मताचा हक्क असलेल्या सभासदांची) संस्था. पोर्तुगीज कागदपत्रांत हाच शब्द ‘माझानिया’ असा येतो. कारभार महाजनांचा, पण त्यावर नजर तालुक्याच्या शासकीय अधिकाऱ्याची : पूर्वी कोंसेल्यच्या (तालुक्याच्या) आदमिनिस्त्रादोरची, १९६१ नंतर मामलेदाराची. महाराष्ट्रातील १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि त्याखालचे धर्मादाय आयुक्त ही यंत्रणा गोव्यात नाही. त्यामुळे सावंतवाडीचे देवस्थान आणि हद्दीपलीकडच्या पेडण्यातले देवस्थान, दैवत व सण एकच असले तरी, हिशेब वेगवेगळ्या दारी देतात.

उत्पत्ती : महाजनी नेमकी कशातून निघाली याविषयी मतभेद आहेत. एक मत ती कदंबकालीन अग्रहारांशी (ब्राह्मणांना दान दिलेल्या गावांशी) जोडते. त्या काळच्या कोरीव लेखांत दान स्वीकारणाऱ्या ब्राह्मणसमूहाला ‘महाजन’ म्हटलेले आढळते. शब्दाचे मूळ तेथे असणे शक्य आहे. पण शब्द जुना म्हणून संस्थाही तितकीच जुनी, हा निष्कर्ष घाईचा होतो. दुसरे मत ती गांवकरीची शाखा मानते. गांवकरी ही गावच्या सामायिक जमिनीची संस्था (पोर्तुगीजांची ‘कोमुनिदाद’). ग्रामदैवताच्या पूजेअर्चेचा, जत्रेचा व सेवेकऱ्यांचा खर्च ती आपल्या उत्पन्नातून चालवी आणि देवाच्या नावे जमीन राखून ठेवी. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडी तालुक्यातील गावांच्या रूढी नोंदवून घेतल्या, तेव्हा गांवकरी पक्की रुजलेली होती.

तिसरे मत स्थलांतराला महत्त्व देते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. १५४१ मध्ये तेथील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आले. गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टीतील देवळांवर गदा आली ती साधारण १५६० ते १५६७ या काळात. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य नव्हते. देव नव्या गावी आला. गांवकरी, तिची शेते आणि तिचे उत्पन्न मागे राहिले. देवाभोवती जमलेल्या कुळांना यापुढे जमीन जोडत नव्हती, फक्त देव जोडत होता. गांवकरीपासून वेगळी, केवळ देवळापुरती सभासदांची संस्था उभी राहायला हेच कारण पुरेसे होते. जी देवळे मुळातच फोंडा, पेडणे, सत्तरी या भागांतली आहेत, तेथे महाजन आणि गांवकर पुष्कळदा एकच असतात. याचा उलगडाही याच मताने नीट होतो.

मालमत्ता : स्थलांतरित देवस्थानांना नवी जमीन मुख्यतः अठराव्या शतकात मिळाली. छत्रपती शाहूंच्या काळात त्यांच्या दरबारातील नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने कवळ्याचे देऊळ बांधले गेले (साधारण १७३८) आणि कवळे गाव देवस्थानाकडे आला. मंगेशी गाव १७३९ मध्ये मराठ्यांनी आपले सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सांगण्यावरून देवास दिला, असे मानले जाते. पुढे १७६३ मध्ये फोंडा आणि १७८८ पर्यंत उरलेल्या ‘नव्या काबिजादी’ (मागाहून जिंकलेले महाल) पोर्तुगीजांकडे गेल्या. तेथील धर्म व रूढी पाळू देण्याचे धोरण ठेवल्याने देवस्थानांचे उत्पन्न टिकले. कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), भातशेती, अग्रशाळा (भाविकांच्या राहण्याच्या इमारती), दुकानगाळे आणि दागिने असा आजच्या मालमत्तेचा सर्वसाधारण पसारा असतो.

नियमन : देवस्थानांसाठी पहिली सविस्तर नियमावली १८८६ ची, आणि आजही चालू असलेली ३० मार्च १९३३ ची (दिप्लोम लेजिस्लातिव्ह, म्हणजे कायद्याचा हुकूम, क्र. ६४५). गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, त्यांत हीही राहिली. मूळ पाठ पोर्तुगीज, वापर मराठी, कोंकणी व इंग्रजीत. त्यामुळे एखाद्या शब्दाच्या अर्थावरून दावे लढले जातात.

प्रत्येक देवस्थानाचा स्वतःचा ‘कोंप्रोमिस’, म्हणजे सरकारने मंजूर केलेली घटना, असतो. महाजन कोण, सेवेकऱ्यांचे हक्क कोणते, उत्सव कोणाचे, हे त्यात लिहिलेले असते. महाजनांची नावे नोंदवहीत चढतात ती बहुतेक ठिकाणी वंशपरंपरेने, पुरुषशाखेतून. महाजन, कुळावी आणि भजक हे शब्द बाहेरचा माणूस एकाच अर्थाने घेतो. देवस्थानाच्या माणसाला त्यांतला फरक पक्का ठाऊक असतो : कुळाव्याचे ते कुलदैवत असते, भजक देणगी देतो, पण सभेत मत महाजनाचेच.

दर तीन वर्षांनी, फेब्रुवारीत, समितीची निवडणूक होते. मामलेदार कार्यालयाची नोटीस देवळाच्या फलकावर लागते आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार व मुखत्यार निवडले जातात. मुखत्यार म्हणजे कोर्टकचेरीत देवस्थानाच्या वतीने उभा राहणारा. समिती बदलताना दागिन्यांची मोजदाद होते. जुना खजिनदार पेटी उघडतो, वहीतला एकेक जिन्नस वाचला जातो, पाटल्या, मुकुट, चांदीची प्रभावळ ताब्यात दिली जाते आणि दोन्ही बाजू सह्या करतात. हे काम रात्री उशिरापर्यंत चालते, आणि चालावेच. एवढ्या मोलाच्या ठेव्याची लेखी साक्ष हीच.

अंदाजपत्रक व हिशेब मामलेदाराकडे जातात. स्थावर मिळकत विकणे वा गहाण टाकणे समितीच्या एकटीच्या हाती नाही. वरची परवानगी लागते. निवडणूक झाली नाही किंवा वाद विकोपाला गेला, तर मामलेदार कारभार आपल्या हाती घेऊ शकतो. पूजाविधीत मात्र त्याने शिरायचे नसते. देवाचा कौल कोणता लागला हे त्याच्या दप्तरात येत नाही. त्या कौलावरून झालेला खर्च येतो.

या देखरेखीचा खरा कच्चा दुवा अधिकाऱ्याच्या अनेक भूमिकांत आहे. तोच महसूल अधिकारी, तोच कार्यकारी दंडाधिकारी आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) दावेही तोच ऐकतो. देवस्थानाच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकाराचा दावा आणि त्याच देवस्थानाचे हिशेब एकाच टेबलावर येतात. पालखीच्या मानावरून दोन गट समोरासमोर आले की जमावबंदीचा हुकूमही त्याच टेबलावरून निघतो.

स्वरूप : महाजनी ही खाजगी सभासदांची संस्था की सार्वजनिक न्यास, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार येतो. सभासदत्व बंद आणि वंशाचे, म्हणून खाजगी, असे एक पक्ष म्हणतो. दर्शन सर्वांना खुले, देणग्या सर्वांच्या, देखरेख सरकारची, म्हणून सार्वजनिक, असे दुसरा म्हणतो. मालमत्ता महाजनांची नसून देवाची आहे, हे मात्र दोन्ही पक्ष मान्य करतात, आणि विश्वस्तपणाचा अर्थ लावताना तेथूनच सुरुवात करणे योग्य.

चर्चच्या फाब्रिका (चर्चची मालमत्ता पाहणाऱ्या समित्या) व कोंफ्रारिया (भाविकांचे संघ) यांची व्यवस्था वेगळी आहे. कोमुनिदादींसाठी १९६१ ची स्वतंत्र संहिता असून त्यांचे प्रशासकही वेगळे असतात.