डिस्क फुल्ल झाली, पण भरली कोणी?

सबमिशनच्या आदल्या रात्री साडेदहाला सरांचा फोन. "अरे बघ ना काय झालंय, लॅबच्या सर्व्हरवर कोणाचंच काही सेव्ह होत नाहीये." मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजचा लिनक्स सर्व्हर सांभाळायचो, साठेक पोरं, सगळ्यांची होम फोल्डरं एकाच ५०० जीबीच्या पार्टिशनवर (म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागावर), आणि कोणाला मर्यादा वगैरे काही लावलेली नव्हती कारण तोवर कधी गरजच पडली नव्हती. घरूनच लॉगिन केलं, डिस्क किती भरली ते दाखवणारी डीएफ कमांड मारली, तर होम पार्टिशन १०० टक्के. दुपारी तेच ४० टक्के होतं.

एका पोराचा प्रोग्राम लूपमध्ये अडकला होता आणि दर फेरीला लॉग फाइलमध्ये एक ओळ लिहीत बसला होता. एक ओळ म्हणजे काय, किरकोळ. पण सेकंदाला ५० एमबी या वेगाने असं लिखाण चाललं तर तासाला १८० जीबी होतात, म्हणजे आमची उरलेली ३०० जीबी खायला दोन तासही नकोत. बरं त्या पोराच्या ते लक्षात आलेलं, त्याने घाबरून लॉग फाइल डिलीट पण केली होती, तरी जागा काही मोकळी होईना. कारण युनिक्सच्या जगात, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातलं तिथे, फाइल डिलीट करणं म्हणजे फक्त तिचं नाव फोल्डरमधून खोडणं. एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडून धरली असेल तर आतला माल जागच्या जागी राहतो, फक्त कोणाला दिसत नाही. तो प्रोग्राम मारला आणि क्षणात ३०० जीबी परत आले.

पण तोवर एका मुलीची प्रोजेक्टची मेन फाइल शून्य बाइटची झाली होती. तिचा काही दोष नाही. बरेच एडिटर सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करतात आणि मग नवीन मजकूर लिहितात, आता रिकामी तर झाली पण लिहायला जागाच नाही, मग काय राहणार. एकाच्या लूपची शिक्षा दुसरीला. त्या रात्रीनंतर मी डिस्क कोटा, म्हणजे प्रत्येकाने किती जागा वापरायची याची मर्यादा, हे प्रकरण नीट बसून वाचलं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू, माझाही होता. कोटा लावला म्हणजे त्या माणसासाठी तेवढी जागा बाजूला काढून ठेवली असं नसतं. डिस्कवर कुठेही कोणाच्या नावाचा कप्पा नसतो. कोटा म्हणजे किराणावाल्याकडची उधारीची वही असते तसली वही. प्रत्येक फाइलच्या मागे एक छोटी नोंद असते, तिला आयनोड म्हणतात, त्यात फाइलचा मालक कोण, ग्रुप कुठला, माल डिस्कवर कुठे ठेवलाय हे सगळं असतं. कोणी काही लिहायला गेलं की लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जागा देण्याआधी ही वही बघतो, या मालकाच्या नावावर आत्तापर्यंत किती झालं, हे धरून मर्यादेच्या बाहेर जातंय का, जात नसेल तर जागा दे आणि आकडा वाढव. फाइल उडवली की आकडा कमी. बास, एवढंच.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप लागतात. उदाहरणार्थ मी साठ जणांना १२-१२ जीबी दिले, बेरीज ७२० जीबी, डिस्क मात्र ५००ची. चालतं का? चालतं, कारण सगळे एकदम टोकापर्यंत जात नाहीत, निम्म्या पोरांचं तर वर्षभरात १ जीबी पण होत नाही. अर्थात सगळ्यांनी एकाच आठवड्यात ठरवून भरलं तर डिस्क फुल्ल होणारच, कोटा तिथे काही करू शकत नाही. दोन्हीचे एरर पण वेगळे येतात. डिस्कच संपली तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', लिनक्सच्या यादीत नंबर २८, आणि तुमचा हिस्सा संपला तर 'डिस्क कोटा एक्सीडेड', नंबर १२२. पोरं दोन्हीला "सर्व्हर डाउन आहे" म्हणतात ती गोष्ट वेगळी.

आता मर्यादा एक नसते, दोन असतात, आणि मला विचाराल तर सगळी गंमत इथेच आहे. एक हार्ड लिमिट, तिच्या पुढे एक बाइट जात नाही. दुसरी त्याच्या अलीकडची सॉफ्ट लिमिट, ती ओलांडता येते पण ओलांडल्याबरोबर घड्याळ चालू होतं. लिनक्सवर काही न बदलता या मुदतीचे ७ दिवस मिळतात, ग्रेस पिरियड म्हणतात त्याला. सात दिवसांत खाली आलात तर घड्याळ पुसलं जातं, जणू काही झालंच नाही. नाही आलात तर सॉफ्ट लिमिटच हार्ड होऊन बसते आणि नवीन काही लिहिता येत नाही. जुन्या फायलींना मात्र कोणी हात लावत नाही, वाचा, कॉपी करून न्या, डिलीट करा, काय हवं ते. कोटा कधीच काही पुसत नाही हे मी पोरांना दहा वेळा सांगितलंय तरी दर वर्षी कोणीतरी विचारतंच, सर माझा डेटा उडेल का.

ही दोन मर्यादांची कल्पना बरीच जुनी. मेलबर्न विद्यापीठात रॉबर्ट एल्झ नावाचे एक गृहस्थ होते, युनिक्ससाठी हा कोटा त्यांनी लिहिला आणि १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये तो सगळ्यांपर्यंत गेला. (हेच एल्झ पुढे बरीच वर्षं ऑस्ट्रेलियाचं डॉट एयू डोमेन पण बघायचे.) तेव्हा दिवस मोजत नव्हते, लॉगिन मोजायचे, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या वर असताना लॉगिन केलं की एक ताकीद, परत केलं की अजून एक, आणि ठराविक ताकिदी संपल्या की बंद. आता माणूस लॉगिन करून महिनाभर बाहेर पडलाच नाही तर? म्हणून नंतर दिवसांचा हिशोब आला असावा असं मला आपलं वाटतं.

दिवसांच्या हिशोबातही पळवाट आहेच आणि आमच्या पोरांनी ती पहिल्याच सेमिस्टरला शोधली. सहाव्या दिवशी फायली दुसरीकडे हलवून सॉफ्टच्या खाली यायचं, घड्याळ पुसलं की परत आणून टाकायच्या, नवे सात दिवस. मी काही बोललो नाही. जो पोरगा वहीचे नियम वाचून एवढं डोकं लावतो त्याला सिस्टीम ॲडमिनचीच नोकरी लागणारे.

प्रत्यक्षात लावायचं कसं तर फार काही नाही. पार्टिशन माउंट होताना, म्हणजे सिस्टीमला जोडलं जाताना, त्याच्या सेटिंगमध्ये युजर कोटा आणि ग्रुप कोटा हे दोन पर्याय घालायचे, कोटाऑनने वही चालू करायची, मग एडकोटा कमांडने प्रत्येकाचे आकडे भरायचे. एडकोटा एक साधी टेक्स्ट फाइल उघडून देतं, तिच्यात एकामागे एक रकाने, आणि जागा मोजायचं माप १ केबी. म्हणजे १० जीबी लिहायचं तर १०४८५७६०, आणि १२ जीबी म्हणजे १२५८२९१२. एक आकडा चुकून कमी टाइप झाला की १० जीबीचं १ जीबी होतं, मी केलंय. साठ जणांचं हाताने करायचं नाही, एकाचं नीट भरून तोच नमुना बाकीच्यांना लावता येतो. अजून एक खाचखळगा, तिथे ० लिहिलं की 'काहीच देऊ नका' असा अर्थ होत नाही, 'मर्यादाच नाही' असा होतो. मी एकाचं अकाउंट जरा गोठवावं म्हणून शून्य टाकलं होतं, दोन दिवसांनी बघतो तर तोच सगळ्यात वर.

रोज सकाळी मी रेपकोटा मारायचो, म्हणजे सगळ्यांच्या वापराची यादी देणारी कमांड. त्यात प्रत्येक नावाच्या पुढे दोन चिन्हं येतात, सगळं ठीक असेल तर वजा वजा. पहिल्या जागी अधिक दिसलं तर तो जागेच्या सॉफ्ट मर्यादेवर गेलाय, दुसऱ्या जागी अधिक असेल तर फायलींच्या संख्येच्या. हो, फायलींची संख्या पण मोजतात, आणि इथेच बरेच जण फसतात.

एकदा डीएफ म्हणतंय ६० टक्के भरलंय आणि तरी 'नो स्पेस लेफ्ट'. अर्धा तास डोकं खाजवलं. झालं होतं असं की एकाच्या स्क्रिप्टने छोट्या छोट्या फायलींचा पाऊस पाडला होता. ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फायली मांडून ठेवायच्या पद्धतीत) आयनोड किती असणार हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरून जातं, नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक, म्हणजे ५०० जीबीला साधारण ३ कोटी २७ लाख. आकडा मोठा वाटतो, पण तुमच्या फायलींची सरासरी १६ केबीच्या खाली गेली की जागेआधी आयनोड संपतात. माठात पाणी आहे पण पेलेच संपले, तसं. शिवाय फाइल एका अक्षराची असली तरी सहसा ४ केबीचा अख्खा ब्लॉक, म्हणजे डिस्कवरच्या जागेचा ठरलेला तुकडा, अडवते, आणि एकदम रिकामी फाइल ब्लॉक एकही घेत नाही पण आयनोड घेतेच, त्यामुळे कोणी दहा लाख रिकाम्या फायली केल्या तर जागेच्या रकान्यात तो अगदी सज्जन दिसतो. म्हणून वहीत चार मर्यादा असतात, जागेची सॉफ्ट आणि हार्ड, फायलींची सॉफ्ट आणि हार्ड. वेबसाइटवाल्यांना हे माहीत असेल, 'अनलिमिटेड स्पेस' म्हणणाऱ्या बऱ्याच होस्टिंग प्लॅनच्या अटी खालपर्यंत वाचल्या तर फायलींच्या संख्येवर मर्यादा लिहिलेली सापडते.

ग्रुपचा कोटा हे अजून त्रासदायक प्रकरण. चार पोरांचा एक प्रोजेक्ट ग्रुप, त्यांना मिळून २० जीबी, ऐकायला सोपं. पण वही फोल्डर बघत नाही, फायलीवर शिक्का कोणाचा ते बघते. पोरगा ग्रुपच्या फोल्डरमध्ये फाइल करतो तेव्हा तिच्यावर शिक्का बसतो त्याच्या स्वतःच्या मुख्य ग्रुपचा, प्रोजेक्टच्या नाही, मग ग्रुपच्या खात्यात शून्य आणि फोल्डरमध्ये १५ जीबी. त्याला उपाय म्हणजे फोल्डरवर सेटजीआयडी बिट लावायचा, मग आत तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप चिकटतो. हे केलं, तर एक जण लगेच तक्रार घेऊन हजर. "सर डेटासेट चौघांचा आहे, मग कोटा माझाच का कमी झाला?" बरोबर होतं त्याचं. एकच फाइल मालकाच्या खात्यातही चढते आणि ग्रुपच्या खात्यातही, दोन्हीपैकी कुठलीही हार्ड मर्यादा आधी आली की थांबायचं. डाउनलोड करणारा बिचारा मालक ठरतो.

याच्यावर खरा तोडगा म्हणजे प्रोजेक्ट कोटा, त्यात मालक कोणी का असेना, त्या फोल्डरखाली जे काही आहे ते सगळं एका खात्यात. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने आपल्या मशीनसाठी बनवलेल्या एक्सएफएस फाइल सिस्टीमकडून हे लिनक्सवर आलं, नंतर ईएक्सटी४ मध्येही आलं. एक्सएफएसचा अजून एक फायदा मला लाइटमुळे कळला. जुन्या पद्धतीत वही म्हणजे डिस्कवरची एक वेगळी फाइल, लाइट गेली आणि यूपीएसने दगा दिला की डिस्कवर खरं काय आहे आणि वहीत काय लिहिलंय याचा मेळ राहत नाही. मग कोटाचेक चालवायचं, ते एकूण एक आयनोड वाचून नव्याने बेरीज करतं आणि तेवढा वेळ कोणी काही लिहायचं नाही, म्हणजे लॅबला सुट्टी. एक्सएफएस मात्र वहीतले बदल बाकीच्या बदलांसोबतच जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनिशीत, टिपतं, त्यामुळे लाइट आल्यावर जर्नल वाचलं की हिशोब जुळलेला. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी होम पार्टिशन एक्सएफएसवर नेलं.

एवढं सगळं करूनही पहिल्या पावसाळ्यात सर्व्हर परत एकदा अडकला. एकाने आपला कोटा संपल्यावर सगळं टेम्प फोल्डरमध्ये (तात्पुरत्या फायलींच्या, सगळ्यांना खुल्या फोल्डरमध्ये) टाकलं होतं, आणि टेम्प होतं सिस्टीमच्या पार्टिशनवर जिथे मी वहीच उघडली नव्हती. कोटा पार्टिशनपुरता असतो, माणसाच्या मागे मागे फिरत नाही. तिथेही लावला.

रूट युजर, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी, मात्र या सगळ्यातून मोकळा, त्याला मर्यादा आडवी येत नाही. तो एकटाच असता तर बरं होतं. सगळं सुरळीत लागल्यावर विभागप्रमुखांचा निरोप आला, माझ्या अकाउंटला ते कोटा वगैरे नको. लावला नाही. रेपकोटाच्या यादीत त्यांच्या नावापुढे आजही चारही मर्यादांच्या रकान्यात शून्य आहे.