सांध्यात काय भरायचे? सिलिकॉन सीलंटची पार्श्वभूमी आणि कोल्हापूरचा पाऊस

कोल्हापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘एक सिलिकॉन द्या’ म्हटले, की समोरून एकच प्रश्न येतो: ‘पांढरं का ट्रान्सपरंट?’ रंग सांगितला की फट बुजवायच्या सीलंटची नळी हातात. ती पुढे काचेवर जाणार, सिमेंटच्या गिलाव्यावर जाणार की शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडच्या पत्र्यावर, हे बहुधा कोणी विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. मग जून उजाडतो, पश्चिमेकडून झड सुरू होते आणि मार्चमध्ये मारलेली रेघ गिलाव्यापासून अख्खीच्या अख्खी सुटून येते. शिव्या मिस्त्रीला बसतात, नाहीतर कंपनीला. खरी गोष्ट अशी, की एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या स्वभावाचे पदार्थ विकले जातात. त्यातला कोणता कुठे चालेल हे समजायचे, तर तो मुळात कशासाठी तयार झाला तिथपर्यंत मागे जावे लागते.

आधी आपल्याकडचे जुने बांधकाम पाहू. अंबाबाईच्या देवळात घडीव दगड एकमेकांत बसवलेले आहेत. १८७७ ते १८८४ या काळात न्यू पॅलेस उभा राहिला, तेव्हा सिमेंट अजून गावोगाव पोचलेले नव्हते. दगडी चाकाच्या घाण्यात मळलेला चुना हाच त्या काळातल्या बांधकामाचा जीव. चुन्याला बारीक चीर पडली, तरी पाणी आणि हवेच्या मदतीने ती काही प्रमाणात आपोआप बुजते. खिडक्या सागवानी, काचेची तावदाने लहान, आणि ती बसवायला खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी (पुट्टी). ही लांबी हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू कडक होते आणि काही वर्षांनी तडकते. तरी ती चालून गेली, कारण लाकूड उन्हाने फारसे लांबत नाही आणि तावदान हातभरच असते. शिवाय त्या घरांना पुढे आलेली वळचण होती, उतरती कौले होती, खिडकीवर छज्जा होता. पाणी सांध्यापर्यंत पोचूच द्यायचे नाही, ही ती रीत. सांधा बुजवण्याची निकड भासू लागली ती छज्जे आखडले आणि भिंतींचे दर्शनी भाग सपाट झाले तेव्हा.

मग ॲल्युमिनियम आले. लांबीला ते झेपणारे नव्हते, याचे कारण साध्या हिशेबात दिसते. ३ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ३ मि.मी. लांब-आखूड होते, तर तेवढीच काच साधारण १ मि.मी. एप्रिलच्या दुपारी उन्हात तापलेली चौकट आणि जानेवारीच्या पहाटेची चौकट यांच्यात एवढा फरक सहज पडतो. म्हणजे सांध्यातला माल रोज ताणला जाणार आणि रोज दाबला जाणार. कडक होणारी कोणतीही वस्तू तिथे टिकत नाही.

ताण सोसणारा माल कुठून आला, ती गोष्ट इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला सुरू होते. १९०० च्या सुमारास फ्रेडरिक किपिंग यांनी तिथे सिलिकॉन मूलद्रव्याला (इंग्रजीत silicon; नळीतले सिलिकॉन म्हणजे silicone, त्यापासून केलेला पदार्थ) कार्बनी गट जोडण्याचे प्रयोग हाती घेतले आणि पुढे जवळजवळ चार दशके चालवले. त्यांना हवे होते शुद्ध, नीटनेटके स्फटिक. भांड्यात उरायचा तो चिकट, गोंदासारखा गाळ, आणि तो त्यांना कटकटीचा वाटे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात त्यांनी सांगून टाकले, की रसायनशास्त्राच्या या शाखेकडून नजीकच्या काळात काही मोठे हाती लागेल अशी फारशी आशा नाही. आज जगभरच्या खिडक्यांना लागते ते त्याच टाकाऊ गाळाचे भावंड.

त्याच सुमारास अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीत जे. फ्रँकलिन हाइड काचतंतूंच्या विद्युतरोधक पट्टीसाठी उष्णता सोसणारे रेझिन शोधत होते. दुसरीकडे जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोचो यांनी १९४० मध्ये उत्पादनाची थेट वाट काढली: सिलिकॉनची भुकटी, तिच्यावरून मिथाइल क्लोराइड वायू, सोबत उत्प्रेरक म्हणून तांबे, आणि सुमारे ३०० अंश उष्णता. जर्मनीत रिचर्ड म्युलर स्वतंत्रपणे त्याच वाटेवर पोचले. आजही जगातले बहुतेक सिलिकॉन याच पद्धतीने सुरू होते. इथला कच्चा माल कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना परका नाही. बिडाच्या ओतकामात जे फेरोसिलिकॉन घालतात, त्यातला सिलिकॉन आणि या नळीतला सिलिकॉन दोन्ही गारगोटीच्या दगडातून, विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून काढलेले. पुढचे संस्कार तेवढे वेगळे.

१९४३ मध्ये डाऊ आणि कॉर्निंग यांनी मिळून डाऊ कॉर्निंग स्थापन केली. तिचे पहिले उत्पादन इमारतीसाठी नव्हतेच. युद्धातल्या विमानांच्या इंजिनात, उंचावरच्या विरळ हवेत, ठिणगीच्या तारांभोवती ओल शिरू नये म्हणून लावायचे ते ग्रीससारखे मलम होते. १९४७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनेही न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरफर्डला स्वतंत्र कारखाना काढला. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या बुटांचे तळवेही सिलिकॉन रबराचे होते. म्हणजे हा पदार्थ आधी यंत्रात गेला, मग घरात आला. उद्यमनगरातला मेकॅनिक इंजिनच्या फटीला ‘आरटीव्ही’ (साध्या तापमानात घट्ट होणारे सिलिकॉन) लावतो, तो याच कुळातला.

या पदार्थाचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आळीपाळीच्या साखळीचा असतो. प्लास्टिक किंवा डांबर यांचा कणा कार्बनचा. सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध जास्त मजबूत असल्याने उन्हातले अतिनील किरण तो सहसा तोडू शकत नाहीत. म्हणून चांगले सिलिकॉन वीस वर्षे उन्हात राहूनही मऊ असते.

सांधे भरण्याचे एकाच नळीतले सिलिकॉन बांधकामात रुळले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे. नळीत ते पातळसर असते. बाहेर आले की हवेतल्या बाष्पाशी संयोग होऊन घट्ट होते, वरून आत, दिवसाला साधारण २ ते ३ मि.मी. या वेगाने. घट्ट होताना ते काहीतरी बाहेर टाकते, आणि माझ्या मते नळी निवडताना पाहायची मुख्य गोष्ट हीच. ब्रँड नंतर, रंग त्याहून नंतर.

सुरुवातीचा आणि आजही सर्वांत स्वस्त प्रकार ॲसिटिक आम्ल बाहेर टाकतो. दुकानात ‘जीपी’ (जनरल पर्पज) म्हणून मिळतो तो बहुतेक हाच, आणि व्हिनेगरसारख्या वासाने लगेच ओळखू येतो. काच, चकचकीत टाइल, बेसिन यांना तो घट्ट धरतो आणि सुकतोही लवकर. फिशटँक जोडायला तोच घेतात, फक्त बुरशीनाशक नसलेला. पण सिमेंटचा गिलावा क्षारधर्मी असतो. आम्ल आणि क्षार भेटले की सांध्याच्या तळाशी लवणाचा थर साचतो आणि पकड सुटते. संगमरवर आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या कुळातले दगड, त्यांनाही हे आम्ल खाते. तांबे-पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजतो. आरशामागे लावला तर काही दिवसांनी चांदीच्या मुलाम्यावर काळे डाग उमटतात. देवघराच्या संगमरवरी कमानीला हा लावू नये.

या तक्रारींतूनच ‘न्यूट्रल क्युअर’, म्हणजे घट्ट होताना आम्ल न सोडणारा, प्रकार पुढे आला. त्यातला एक ऑक्झाइम नावाचे रसायन बाहेर टाकतो, दुसरा अल्कोहोल. दोन्ही सिमेंट, पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम, पत्रा यांच्याशी जुळवून घेतात. ऑक्झाइमचा वास उग्र असतो, बंद जागेत तो तांब्या-पितळेवर परिणाम करू शकतो आणि पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पत्र्याला त्याने चिरा पडू शकतात. त्यातले एक नेहमीचे ऑक्झाइम आता युरोपात कर्करोगाच्या जोखमीच्या वर्गात टाकले आहे. म्हणून काम करताना खिडक्या उघड्या हव्यात, आणि जमत असेल तर अल्कोहोलवाला बरा. तो जरा सावकाश सुकतो, एवढेच.

सिलिकॉनवर लोकांचा विश्वास किती बसला, याची खूण १९७१ मध्ये डेट्रॉइटला दिसली. तिथे एका इमारतीच्या काचा चारही बाजूंनी फक्त सिलिकॉनने चिकटवल्या गेल्या, बाहेरून धरणारी पट्टी नाही. याच पद्धतीला पुढे स्ट्रक्चरल ग्लेझिंग नाव पडले. आपल्याकडे उदारीकरणानंतर ॲल्युमिनियम सेक्शन आणि काचेच्या दर्शनी भिंती वाढल्या, तशी ही पद्धतही शहरांत पसरली. तिला लागणारे सिलिकॉन वेगळे, बहुधा दोन भागांचे, कारखान्यात मोजून मिसळलेले. शोरूमच्या वरच्या मजल्याची काच साध्या वेदर सीलंटवर (फक्त पाऊस-वारा अडवणाऱ्या मालावर) टांगणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. इथे इंजिनिअरचा हिशेब आणि कंपनीची चाचणी दोन्ही लागतात.

कोल्हापुरात नेहमी पडणारा प्रश्न मात्र साधा आहे: स्लायडिंग खिडकी आणि गिलावा यांच्यामधली फट. शहरापेक्षा गगनबावड्याकडे पाऊस कितीतरी जास्त. तिकडे जांभ्याची घरेही आहेत आणि जांभा पाणी पितो. पश्चिम आणि नैऋत्येच्या खिडक्यांना सगळ्यात जास्त मार बसतो. या फटीला न्यूट्रल वेदर सीलंटच हवे. त्यावर रंग मारायचा असेल तर सिलिकॉन नको, कारण त्यावर रंग बसत नाही. मग पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर घ्यावे. एमएस पॉलिमर जपानच्या कानेका कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले. ओढाताण सोसणारे आणि रंग घेणारे, असे दोन्ही गुण त्यात आहेत. खोलीच्या आतल्या गिलाव्याच्या बारीक चिरांना स्वस्तातले ॲक्रिलिक पुरते.

आणि एक वेडेपणा सगळीकडे दिसतो. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोके ठेवलेली असतात. गळती थांबवायची म्हणून मिस्त्री नेमकी तीच सिलिकॉनने बुजवतो. मग ट्रॅक भरतो आणि पाणी हॉलमध्ये येते.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या शेडवर पत्र्यांचे आडवे जोड आणि स्क्रूची डोकी यांना न्यूट्रलच लावावे. जीपीने गळती महिनाभर थांबेल, मग जस्त जाऊन त्याच जागी गंज धरेल. बाथरूमला बुरशीनाशक असलेले सॅनिटरी सिलिकॉन. किचनचा ओटा फिकट ग्रॅनाइटचा असेल तर ‘नॉन-स्टेनिंग’ लिहिलेले मागावे, नाहीतर सीलंटमधले तेल दगडात उतरून कडेने काळपट पट्टा पडतो. स्लॅबच्या गळतीला मात्र सिलिकॉन हा उपाय नाही. पाणी साचून राहणाऱ्या काँक्रीटवर ते फार काळ धरत नाही. तिथे वॉटरप्रूफिंगचे पूर्ण कामच करावे लागते.

माल बरोबर असूनही काम फसते, तेव्हा कारण बहुधा सांध्याच्या मापात असते. १२ मि.मी. रुंद फटीत सीलंट ६ मि.मी. खोल पुरते. त्यामागे फोमची गोल दोरी (बॅकर रॉड) दाबून बसवावी, म्हणजे माल फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि मोकळेपणी ताणला जातो. तळालाही चिकटला तर ओढ लागताच मधून फाटतो. चांगले वेदर सीलंट मूळ रुंदीच्या २५ टक्क्यांइतकी, काही ५० टक्क्यांइतकी हालचाल सोसतात, पण ते याच मापात. फट न साफ करता वरून बोटाने लावलेला पातळ थर काहीच सोसत नाही. जुन्या सीलंटवर नवे मारणेही फुकट. आधी ब्लेडने मूळ रेघ पूर्ण काढावी लागते.

पावसाळ्यात बाष्प जास्त, म्हणून सीलंट लवकर सुकते. पण ओल्या गिलाव्याला चिकटत नाही. म्हणून हे काम मार्च ते मे या महिन्यांत उरकावे. २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या घरांत पंचगंगेचे पाणी शिरले, त्यांच्या भिंतींनी पूर ओसरल्यावरही ओल बराच काळ धरून ठेवली. अशा भिंतीला आधी सुकू द्यावे लागते. आणि घेताना नळीवरची तारीख वाचावी. बहुतेक नळ्यांचे आयुष्य वर्षभराच्या आसपास असते. मुदत उलटलेली नळी गनमधून छान निघते, आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटते.