गॅलरी, पाटी आणि हजेरीपट : इंग्लंडमधील जुन्या शिशुशाळेच्या दिवसाची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील एकोणिसाव्या शतकातल्या अनेक शाळांच्या दारांवर आजही दगडात कोरलेली तीन नावे दिसतात : ‘बॉइज’, ‘गर्ल्स’ आणि ‘इन्फंट्स’. यांपैकी तिसऱ्या दारातून तीन ते सात वर्षांची मुले आत जात. व्हिक्टोरिया राणीच्या (1837–1901) आणि तिच्यानंतर सातव्या एडवर्डच्या (1901–1910) काळातील या वर्गांची छायाचित्रे पाहिली, की उतरत्या पायऱ्यांवर हाताची घडी घालून निश्चल बसलेली पन्नास-साठ बालके पाहून मन कळवळते. परंतु त्या काळची माणसे निष्ठुर होती एवढे म्हणून या चित्राचा उलगडा होत नाही. त्या दिवसातील जवळजवळ प्रत्येक सवयीमागे एखादी जुनी कल्पना, सरकारी अनुदानाचे एखादे कलम किंवा कामावर जाणाऱ्या आईची गरज होती.

आरंभ मात्र अगदी वेगळा होता. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे सूतगिरणी चालवणाऱ्या रॉबर्ट ओवेन यांनी 1816 साली कामगारांच्या मुलांसाठी जी संस्था उघडली, तिच्यात चालू लागलेल्या बालकांनाही प्रवेश होता. तेथे जेम्स ब्युकॅनन हा विणकर आणि मॉली यंग ही तरुणी मुलांना सांभाळत. पुस्तकांचा जाच करायचा नाही, गाणे, नाच आणि भोवतालच्या वस्तू यांतूनच मुलांनी शिकायचे, असा ओवेन यांचा आग्रह होता. ब्युकॅनन पुढे लंडनला गेले आणि तेथून ही कल्पना सॅम्युअल वाइल्डरस्पिन यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी 1820 साली लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात शिशुशाळा सुरू केली. पहिल्याच दिवशी आयांसाठी एकदम रडू लागलेल्या मुलांना शांत करण्यासाठी त्यांनी बायकोची टोपी एका काठीवर चढवून नाचवली आणि मुले तिच्याकडे पाहत राहिली, ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लहान मुलाचे लक्ष डोळ्यांवाटे धरता येते, हे ओळखून त्यांनी गॅलरीचा हिरिरीने प्रसार केला. गॅलरी म्हणजे भिंतीला लागून एकीवर एक चढत जाणाऱ्या लाकडी पायऱ्या. तिच्यावर बसलेल्या प्रत्येक मुलाला शिक्षक दिसतो आणि शिक्षकालाही प्रत्येक मूल दिसते. वाइल्डरस्पिन यांनी गॅलरीइतकेच महत्त्व खेळाच्या अंगणाला दिले होते. पुढे गॅलरी सर्वत्र राहिली आणि दाटीवाटीच्या शहरी शाळांत अंगण आक्रसत गेले, ही या इतिहासातील दुःखाची गोष्ट आहे.

या वर्गांत मुले वाळूच्या तबकातही अक्षरे गिरवत. त्या तबकाचा धागा थेट आपल्या देशाशी जुळतो. अँड्र्यू बेल हे मद्रासच्या लष्करी अनाथालयाचे प्रमुख असताना त्यांनी स्थानिक शाळेत वाळूवर बोटाने अक्षरे गिरवणारी मुले पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली आणि 1797 साली इंग्लंडमध्ये आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. धूळपाटी आणि धुळाक्षरे हे शब्द ज्यांच्या भाषेत आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण विलायतेतल्या बालवर्गात एडवर्डच्या काळापर्यंत पाटीच्या जोडीला वाळूचे तबक होते, याची आपल्याकडे फारशी जाण नाही.

शाळांना सरकारी अनुदान कसे द्यायचे याचे नियम ठरवणाऱ्या 1862 च्या सुधारित संहितेने शाळेचा स्वभावच बदलला. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे मुंबई इलाख्यातील खासगी शाळांनाही याच तत्त्वावर पैसे मिळत. सहा वर्षांखालील मुलांना वैयक्तिक परीक्षा नव्हती. त्यांच्या हजेरीवर, निरीक्षकाचे समाधान झाल्यास, प्रत्येकी 6 शिलिंग 6 पेन्स मिळत. त्यामुळे शिशुवर्गात सर्वांत मोलाची वस्तू हजेरीपट ठरली. मुख्याध्यापिकांना रोजनिशी ठेवणे बंधनकारक झाले आणि तिच्यात सर्वसाधारण स्वरूपाची मते लिहू नयेत, अशी स्पष्ट ताकीद होती. म्हणूनच या नोंदवह्या इतक्या कोरड्या वाचायला मिळतात : गोवर पसरला, पावसामुळे हजेरी कमी, निरीक्षक आले, आणि केंट परगण्यात हॉप्सच्या (बिअरसाठी लागणाऱ्या फुलांच्या) तोडणीला आईबापांबरोबर मुलेही गेली. ज्या बाईंनी वर्षानुवर्षे हे लिहिले, त्यांना त्या मुलांविषयी काय वाटत होते, ते वहीत येऊच शकले नाही.

दिवसाची सुरुवात बहुधा प्रार्थना व बायबलच्या पाठाने होई. 1870 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने धर्मशिक्षण सत्राच्या आरंभी किंवा अखेरीस ठेवण्याचे बंधन घातले होते, म्हणजे ज्या पालकांना ते नको असेल त्यांना आपले मूल त्या तासापुरते बाहेर ठेवता यावे. त्यानंतर फळ्यावरची अक्षरे एका सुरात म्हणणे, पाटीवर काठ्या आणि आकडे काढणे, मणी मोजणे असा क्रम चाले. पाटी पुष्कळदा थुंकीनेच पुसली जाई आणि आजार पसरायला तेवढे निमित्त पुरे होई. दुपारी बहुतेक मुले जेवायला घरी जाऊन परत येत. 1882 च्या संहितेने शिशुवर्गाच्या अनुदानासाठी वस्तू व निसर्ग यांवरील सोपे पाठ आणि हस्तव्यवसाय यांनाही महत्त्व दिले. बाई कोळसा, पीस किंवा संत्रे हातात धरीत आणि मुले त्याचे गुणधर्म सांगत. आज मराठीत ‘आदर्श उदाहरण’ या अर्थाने रुळलेला ‘वस्तुपाठ’ हा शब्द मुळात याच पद्धतीचे नाव आहे. पण ज्या पाठात वस्तू बाईंच्या हातातच राहते आणि साठ मुले तिचे गुण पाठ म्हणतात, त्यात वस्तू किती आणि पाठ किती, असा प्रश्न पडतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या, खेळातून शिकवणाऱ्या किंडरगार्टन पद्धतीचेही तसेच झाले. लंडन शाळा मंडळाने 1874 साली तिच्यासाठी खास शिक्षिका नेमली. तरी गर्दीच्या वर्गांत ठोकळे मांडणे, कागद दुमडणे हे सारे हुकमावर चालणाऱ्या कवायतीसारखे झाले. सुई धरण्याची आणि अंगुस्तान घालण्याचीसुद्धा कवायत असे.

एवढी मुले सांभाळणार कोण? 1846 पासून तेरा वर्षांवरील मुले-मुली पाच वर्षांच्या उमेदवारीवर शिकवत. 1890 च्या संहितेतील कलम 68 नुसार अठरा वर्षांवरील, देवी टोचलेली आणि निरीक्षकाला पसंत पडलेली कोणतीही स्त्री शिकवण्याच्या कामावर घेता येई. राष्ट्रातील सर्वांत लहान मुलांसाठी एवढीच पात्रता पुरेशी मानली गेली, हे मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

सक्तीचे वय पाचपासून होते. तरी 1900–01 च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समधील तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 43 टक्के शाळेच्या पटावर होती. आई कामावर, थोरली बहीण शाळेत, मग धाकट्याला ठेवणार कुठे? 1891 पासून बहुतेक शाळांतील फीही बंद झाली होती. या बालकांची स्थिती पाहण्यासाठी शिक्षण मंडळाने, म्हणजे त्या वेळच्या सरकारी शिक्षण खात्याने, पाच महिला निरीक्षकांना पाठवले. 1905 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात अरुंद बाकांवर अवघडून बसलेल्या आणि यांत्रिक पाठांतरात गुंतलेल्या मुलांचे चित्र आहे. कॅथरीन बॅथर्स्ट या निरीक्षिकेने तर अशा मुलांना शाळेऐवजी राष्ट्रीय शिशुगृहे हवीत, असे ठामपणे मांडले. सरकारने अर्धाच सल्ला ऐकला. पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यांना मिळाली, शिशुगृहे मात्र उभी राहिली नाहीत. 1910–11 पर्यंत ते प्रमाण सुमारे 23 टक्क्यांवर आले. गरीब मुलांना शाळेत जेवण देण्याची परवानगी 1906 च्या कायद्याने आणि वैद्यकीय तपासणीची तरतूद 1907 च्या कायद्याने झाली. पटावरून कमी झालेल्या धाकट्यांना मात्र यांपैकी काहीच मिळाले नाही; ती पुन्हा शेजारणीच्या ओट्यावर किंवा रस्त्यावर आली. मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या भगिनींनी लंडनच्या डेप्टफर्ड भागात बागेतली, उघड्या हवेची शिशुशाळा 1914 साली सुरू केली, ती याच मुलांसाठी.