बेळगाव परिसरातील जुनी छायाचित्रे

बेळगाव परिसरातील जुनी छायाचित्रे : बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्हा व त्याला लागून असलेल्या सीमाभागात साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९५६ पर्यंत काढली गेलेली वास्तू, व्यक्ती व प्रसंगांची छायाचित्रे. सरकारी पाहणीसाठी काढलेली, स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेली आणि सभा-अधिवेशनांची, असे त्यांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. चित्राखालचा मजकूर पुष्कळदा नंतरच्या हाताचा असतो. म्हणून काळ ठरवताना मजकुरापेक्षा चित्रातील वस्तू, वेश व बांधकाम यांना अधिक वजन द्यावे लागते.

सर्वांत जुने छायाचित्र कोणते, याविषयी मतभेद आहेत. मुंबई सरकारने १८५५ मध्ये तोफखान्यातील अधिकारी टॉमस बिग्ज यांना दख्खनमधील वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमले. ते पलटणीत परतल्यावर हे काम वैद्यकीय सेवेतील डॉ. पिगू यांच्याकडे गेले. धारवाड व म्हैसूर भागांतील वास्तूंवरचा जो ग्रंथ १८६६ मध्ये लंडनला निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर पिगू, नील व बिग्ज ही तीन नावे एकत्र येतात. नील यांची चित्रे प्रामुख्याने म्हैसूरकडची मानली जातात. या मोहिमांचा रोख विजापूर, बदामी, ऐहोळे व धारवाड यांकडे होता. त्यामुळे त्यांच्या आधारे बेळगावचा आरंभ १८५५ पर्यंत मागे नेणे धाडसाचे वाटते. जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय पाहणीचा पहिला हंगाम जानेवारी ते मे १८७४ मध्ये बेळगाव व कलादगी जिल्ह्यांतच केला आणि त्याचा सचित्र अहवाल प्रसिद्ध झाला. बेळगावच्या किल्ल्यातील जैन मंदिरांच्या छायाचित्रांसाठी हीच तारीख अधिक भरवशाची धरावी. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याच्या कारकिर्दीतील, इ. स. १२०४ च्या सुमारास उभारलेली कमल बस्ती त्यांपैकी मुख्य होय. कलादगी जिल्ह्याचे ठाणे १८८५ च्या सुमारास विजापूरला हलले, म्हणून ‘कलादगी जिल्हा’ असा मूळचा छापील उल्लेख असलेले चित्र सामान्यतः त्याआधीचे समजावे.

आरंभीची चित्रे बहुतांशी कागदी निगेटिव्हवर घेतली जात. पुढे ओल्या काचेची पद्धत आली. तीत काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर काळोखी राहुटी, बाटल्या व पाणी यांचा लवाजमा फिरे. भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागल्याने हलणारी माणसे पुसट होत वा नाहीशीच होत. जुन्या चित्रांतला मंदिराचा ओस परिसर खरोखर ओस असेलच असे नाही.

याच कारणाने गोकाकच्या धबधब्याच्या चित्रांत पाणी कापडाच्या पट्ट्यासारखे सलग पांढरे दिसते. घटप्रभा नदी येथे सुमारे ५२ मी. खाली कोसळते. काठावर सूतगिरणीची इमारत दिसत असल्यास चित्र १८८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे असू शकत नाही. ‘१८८७ मध्ये आशियातील पहिली जलविद्युत् येथे निर्माण झाली’ असे या चित्रांसोबत वारंवार लिहिले जाते. भारतातील पहिले जलविद्युत् केंद्र म्हणून दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगचे (१८९७) नाव रूढ आहे. पाण्याच्या जोरावर गिरणीची यंत्रे फिरवणे आणि वीज निर्माण करणे या भिन्न गोष्टी आहेत. छायाचित्रातील पाण्याच्या नळांवरून पहिलीच सिद्ध होते. गोकाकचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही, पण १८८७ चा दावा जपून वापरणे इष्ट.

स्टुडिओतील चित्रांत स्वामी विवेकानंदांचे बेळगाव येथील छायाचित्र अग्रस्थानी ठेवावे लागेल. ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून आलेले स्वामीजी प्रथम रिसालदार गल्लीतील वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे व नंतर वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे उतरले. भाटे यांच्याकडे तीन व मित्र यांच्याकडे नऊ दिवस, असा मुक्काम सामान्यतः सांगितला जातो. मित्र यांच्या आठवणींत पहिल्या भेटीचा दिवस मंगळवार, १८ ऑक्टोबर असा आहे, आणि पंचांगाशी तो जुळतो. छायाचित्र मित्र यांच्या आग्रहाने ‘एस. महादेव अँड सन’ या स्थानिक स्टुडिओत निघाले. तेव्हा ते १८ ऑक्टोबरनंतरचे, महिनाअखेरीच्या आतले ठरते. शिकागोच्या परिषदेला (सप्टेंबर १८९३) अद्याप वर्षभर अवकाश होता. कॅमेऱ्यापुढचा संन्यासी जगाला अज्ञात होता, म्हणून या चित्राचे मोल फार मोठे आहे.

गांधीजींच्या चित्रांबाबत गोंधळ होण्यास वाव आहे, कारण बेळगाव म्हटले की १९२४ हेच वर्ष डोळ्यांपुढे येते. टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापली. त्या सुमारास भरलेल्या प्रांतिक परिषदेला गांधीजी हजर होते. त्या काळी ते काठेवाडी पागोटे घालत. सप्टेंबर १९२१ पासून त्यांनी आखूड पंचा स्वीकारला, म्हणून पागोट्यातील चित्र १९२४ चे असणे शक्य नाही. एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी ते बेळगावजवळच्या हुदली गावी आले होते. ती चित्रे वेशाने १९२४ च्या चित्रांशी मिळतीजुळती असल्याने वेगळी खूण शोधावी लागते. काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी टिळकवाडीच्या बाजूला ‘विजयनगर’ नावाच्या मंडपनगरीत भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांनी उभारलेल्या व्यवस्थेपैकी पंपा सरोवर ही विहीर आजही आहे. मंडपाचे गोपुरासारखे प्रवेशद्वार व ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्तानी सेवादल या काँग्रेसच्या स्वयंसेवक संघटनेचे गणवेशधारी स्वयंसेवक या १९२४ च्या ठळक खुणा होत.

कित्तूरची राणी चन्नम्मा व संगोळ्ळी रायण्णा यांची ‘मूळ छायाचित्रे’ अधूनमधून प्रसृत होतात. राणीचे निधन १८२९ मध्ये झाले आणि रायण्णाला १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगडला फाशी दिले गेले. छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली ती १८३९ मध्ये. ही सर्व चित्रे नंतरच्या चित्रकारांची कल्पनाचित्रे आहेत.

निपाणी, चिकोडी, अथणी तसेच तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील रायबाग येथील चित्रे मुख्यतः घराण्यांच्या वाड्यांत आढळतात. त्यांत रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीत बसलेला कर्ता पुरुष ही ठरावीक मांडणी असते. रेल्वेच्या चित्रांत सदर्न मराठा रेल्वेचे नाव असल्यास ते १९०८ पूर्वीचे, मद्रासचे नाव जोडलेले असल्यास त्यानंतरचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र वगळून कोल्हापूरला जोडण्यात आला. त्यामुळे मूळ पाठीवर ‘चंदगड, जिल्हा बेळगाव’ असा पत्ता असलेले चित्र बहुधा त्यापूर्वीचे असते, आणि या तालुक्याची चित्रे शोधताना दोन्ही जिल्ह्यांचे संग्रह पाहावे लागतात.