वामनवृक्षाच्या तळातली तार

बोनसाय पाहायला आलेल्या पाहुण्यांची नजर आधी फांद्यांवर गुंडाळलेल्या तारेकडे जाते आणि ‘किती जखडलंय बिचाऱ्याला’ असे कुणीतरी म्हणतेच. कुंडीच्या तळातून वर येऊन मुळांच्या गड्ड्याला आवळणारी दुसरी तार मातीखाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही. फांदीवरची तार केवळ आकारासाठी असते. तळातली तार मात्र कुंडी बदललेल्या झाडाच्या जिवाशी निगडित असते, हे मी कोल्हापुरातल्या आमच्या गच्चीवर एक नांदरुक गमावून शिकले.

मेच्या अखेरीस मी त्याची मुळे छाटली, ते उथळ कुंडीत बसवले, माती दाबली आणि पाणी घातले. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी वळवाचा वारा सुटत होता, पण झाड उभे होते म्हणून मी निर्धास्त राहिले. तीन आठवड्यांनी पाने पिवळी पडून गळू लागली तेव्हा खोडाला हात लावला, तर ते दुधाच्या दातासारखे हलले. उपसून पाहिले, तेव्हा छाटलेल्या टोकांशी फुटू पाहणारी कोवळी मुळे काळी पडलेली होती.

मुळांच्या टोकांजवळ मूलरोम असतात आणि पाणी शोषण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा असतो. प्रत्येक मूलरोम म्हणजे मुळाच्या त्वचेतल्या एकाच पेशीची लांबवलेली वाढ असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी असते आणि तो मातीच्या कणाला घट्ट चिकटून राहतो. खोड वाऱ्याने डोलून मुळांचा गड्डा अवघा 2 मिलिमीटर सरकला, तर हे सरकणे मूलरोमाच्या जाडीच्या 200 पट होते. दिवसा तयार झालेले रोम संध्याकाळी तुटत असतील, तर त्या झाडाला भर पावसातही तहान लागते.

थोडे हलल्याने झाड कणखर होत नाही का, असा प्रश्न कुणी विचारील आणि तो रास्तच आहे. स्पर्शाने किंवा हलण्याने झाडाची उंची कमी वाढते आणि खोड बहुधा जाड होते, या घटनेला 1973 मध्ये मॉर्डेकाय जॅफी यांनी ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ असे भारदस्त नाव दिले. परंतु तो लाभ मुळे रोवलेल्या झाडाचा आहे. शेंडा डोलावा, गड्डा हलू नये.

जमिनीतल्या झाडाला ही अडचण सहसा येत नाही, कारण माती त्याला धरून ठेवते. मग कुंडीतही पंचगंगेकाठची चिकट काळी माती का भरू नये? याचे उत्तर भांडी घासायच्या स्पंजात सापडते. ओलाचिंब आयताकृती स्पंज आडवा धरून त्यातले पाणी गळायचे थांबू द्यावे आणि मग तोच उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. तळाशी अडकून राहणाऱ्या पाण्याच्या थराची उंची भांड्याच्या खोलीवर अवलंबून नसते, ती कणांमधल्या पोकळ्यांवर ठरते, आणि पोकळ्या जितक्या बारीक तितका हा थर उंच असतो. समजा तो 3 सेंटिमीटर आहे. 30 सेंटिमीटर खोल कुंडीत त्याने दहावा भाग व्यापला तर बिघडत नाही, पण 5 सेंटिमीटरच्या बोनसाय कुंडीत निम्म्याहून अधिक मुळे हवेवाचून गुदमरतात. म्हणून मी विटांचे आणि पन्हाळ्याच्या बाजूच्या जांभ्याचे 3 ते 5 मिलिमीटरचे तुकडे चाळून घेते आणि खाली पडलेली पूड टाकून देते. या सच्छिद्र तुकड्यांत पाणीही राहते आणि हवाही खेळते. मात्र ते एकमेकांवरून घसरतात आणि गड्ड्याला पकड देत नाहीत. चिकणमातीने केले असते ते धरून ठेवण्याचे काम तारेकडे येते, ते यामुळेच.

तार 1.5 ते 2 मिलिमीटर जाडीची, ॲल्युमिनियमची किंवा मऊ तांब्याची असावी. तांबे वाकवत गेले की त्याच्या स्फटिकरचनेतले दोष वाढून एकमेकांत अडकतात आणि धातू ताठर होतो. हुपरीच्या चांदी कारागिरांना ही अडचण रोजचीच आहे आणि त्यांचा उपायही तोच, म्हणजे तार तापवून पुन्हा मऊ करणे. पोलादाच्या उलट, मंद लाल केलेले तांबे पाण्यात बुडवले तरी मऊच राहते.

निचऱ्याच्या भोकांवर जाळी बसवून तार कुंडीखालून दोन भोकांतून वर घ्यावी. भोक एकच असेल, तर खाली आडव्या ठेवलेल्या खिळ्याला ती अडकवावी. चाळलेल्या तुकड्यांचा छोटा उंचवटा करून, सुमारे एक तृतीयांश मुळे छाटलेला गड्डा त्यावर किंचित फिरवत दाबून बसवावा. तारेची टोके जाड मुळांवरून आणून, साल चेपू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून, पकडीत धरावीत. इथे घाई नडते. पकडीने आधी तार वर ओढून ताण द्यावा, मग ओढ सोडून ती सैल पडलेली लांबी पिळून घ्यावी, आणि हे पुन्हा करावे. ओढता ओढताच पिळले, तर तार पिळाच्या बुंध्याशी तुटते आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. त्यानंतर बांबूच्या काडीने मुळांमधल्या पोकळ्यांत खडी सारावी.

खोड धरून हलकेच उचलावे. कुंडी झाडाबरोबर वर आली तर बांधणी जमली; मुळाशी फट पडताना दिसली, तर पाणी घालण्याआधीच तार पुन्हा आवळावी. नंतर तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने पाणी द्यावे, दोन-तीन आठवडे झाड वाऱ्याआड सावलीत ठेवावे आणि महिनाभर खत देऊ नये. नांदरुक, वड, उंबर यांची मुळे झपाट्याने जाड होतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास खोड धरून पाहावे आणि झाड स्वतःच्या मुळांवर पक्के झाले असेल, तर मुळात रुतण्याआधी ती तार कापून काढावी.