चोवीस चौकटी आणि मधला काळोख

सिनेमावेड्यांच्या गप्पा कुठून सुरू होतील सांगता येत नाही, पण संपतात बहुतेक कॅमेऱ्यावर. परवा आम्ही चौघं एका मित्राच्या नव्याकोऱ्या टीव्हीसमोर बसलो होतो. अनेकदा पाहिलेला एक जुना सिनेमा लावला आणि पाचव्याच मिनिटाला एक जण म्हणाला, "अरे, हे सीरियलसारखं काय दिसतंय?" टीव्हीचा मालक दुखावला. "चित्र किती स्वच्छ आहे ते बघ की!" "स्वच्छ आहे रे, म्हणूनच खोटं वाटतंय." तिसऱ्याने मुकाट्याने रिमोट घेतला, सेटिंगमध्ये शिरून हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद केला आणि सिनेमा पुन्हा सिनेमासारखा दिसायला लागला. मग सिनेमा राहिला बाजूला आणि भांडण जुंपलं.

तो पर्याय काय करत होता, ते सोपं आहे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे चौकटी, असतात. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मधल्या जागा भरायला टीव्ही अंदाज बांधतो: या चौकटीत हात इथे आहे, पुढच्या चौकटीत तिथे, म्हणजे मध्ये तो इथे-इथे असणार. तशी चित्रं तो स्वतःच काढून मध्ये घुसडतो. कॅमेऱ्याने कधीच न पाहिलेली चित्रं! २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना हा पर्याय बंद करायला सांगितलं होतं. मी त्यांच्याच बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण २४च का? या आकड्याला आपण पवित्र मानतो. प्रत्यक्षात तो डोळ्यासाठी ठरलाच नव्हता, ठरला तो कानासाठी. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. कुणी सेकंदाला १६ चौकटी काढी, कुणी २०, आणि थिएटरवाला खेळ लवकर आटपायचा असला की प्रोजेक्टर आणखी पळवी. माणसं जरा लगबगीने चालली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात बोलपट आले आणि ही मोकळीक संपली. चाल थोडी वेगात झाली तर डोळा माफ करतो. आवाज थोडा जरी वेगात वाजला तरी भारदस्त नायक चिरक्या आवाजात बोलू लागतो, आणि कान ते अजिबात खपवून घेत नाही. वेग एकच ठेवणं भाग होतं. शिवाय आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच छापायची म्हटल्यावर फिल्म पुरेशी वेगाने सरकली तरच बारीक, उंच स्वर नीट उमटणार. फार वेगाने सरकवली तर फिल्मचा खर्च वाढणार. या ओढाताणीत मिनिटाला ९० फूट हा वेग पक्का झाला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. गुणाकार-भागाकार करून पाहा, सेकंदाला बरोबर २४ येतात.

"म्हणजे आपण ज्याला सिनेमाचा आत्मा म्हणतो तो साउंडवाल्यांचा हिशोब आहे?" टीव्हीचा मालक आता खुशीत आला होता. तसंच म्हणायला हवं.

गंमत पुढेच आहे. रिळावरचा सिनेमा पाहताना आपण जवळजवळ निम्मा वेळ काळोखात बसलेले असतो. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग सरकत नाही. एक चौकट दिव्यासमोर येते, क्षणभर थांबते, मग झटक्याने पुढची ओढली जाते. ओढताना प्रकाश चालू राहिला तर पडद्यावर फराटे दिसतील, म्हणून तेवढा वेळ एक फिरतं पातं दिव्याच्या आड येतं. पण सेकंदाला २४ वेळाच प्रकाश आला-गेला तर डोळ्याला लुकलुक जाणवते. यावरची युक्ती मला फार आवडते: थांबलेल्या चौकटीसमोरही पातं उगाचच आणखी एकदा फिरवायचं. चित्र तेच, पण ते दोनदा दाखवायचं. सेकंदाला ४८ उघडझापी झाल्या की मंद उजेडाच्या थिएटरमध्ये लुकलुक जाणवेनाशी होते. तीन पात्यांची झाकणं वापरली तर ७२. पडदा जितका जास्त उजळ तितक्या जास्त उघडझापी लागतात, कारण प्रखर प्रकाशातली लुकलुक डोळा चटकन पकडतो. दोन तासांच्या खेळात साधारण तासभर पडदा काळा असतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

शाळेत याचं उत्तर एका शब्दात मिळायचं: दृष्टिसातत्य. डोळ्यावर उमटलेली प्रतिमा सेकंदाच्या सोळाव्या भागाएवढी टिकते, लिहा, पाच गुण. लुकलुक का जाणवत नाही याच्याशी त्याचा थोडा संबंध आहे. हालचाल का दिसते, हे मात्र त्याने सुटत नाही. जुनी प्रतिमा नुसतीच टिकून राहिली असती तर धावणाऱ्या माणसाच्या जागी आपल्याला एकावर एक चढलेल्या माणसांची रांग दिसली असती. १९१२ साली मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने साधा प्रयोग मांडला. दोन स्थिर रेघा, आळीपाळीने दाखवायच्या. मधलं वेळेचं अंतर फार कमी ठेवलं तर दोन्ही एकदमच दिसतात, फार वाढवलं तर एकीमागून एक. साधारण ६० मिलिसेकंदांच्या आसपास मात्र एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. सरकणारं काहीच नसतं. ती हालचाल मेंदूने रचलेली असते. सिनेमाच्या दोन चौकटींत सुमारे ४२ मिलिसेकंद असतात. म्हणजे मधलं चित्र भरायचं काम नव्या टीव्हीच्या फार आधीपासून आपला मेंदू फुकटात करतोय.

कॅमेऱ्याच्या बाजूलाही काळोख आहेच. फिल्म पुढे ओढायला वेळ हवा, म्हणून कॅमेऱ्यातली झाकणाची तबकडी अर्धी कापलेली असे. अर्धा फेरा प्रकाश आत, अर्धा फेरा बंद. त्यावरून '१८० अंशांचं शटर' हा शब्द आला. सेकंदाला २४ चौकटी असताना प्रत्येक चौकट १/४८ सेकंद प्रकाश घेते. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटर वेगाने हलणारा हात दहा सेंटिमीटर पुढे जातो, आणि चौकटीत हात न येता हाताचा पुसट फराटा येतो. हा फराटाच सिनेमाची खरी ओळख. सलग चौकटींतले फराटे एकमेकांकडे निर्देश करतात आणि मेंदूचं काम हलकं होतं.

पटत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताने ठरवायची सोय शोधा. डोळ्यांसमोर पेन्सिल हलवत एकदा १/५० वर चित्रण करा, एकदा १/१००० वर. दुसऱ्यात प्रत्येक चौकट सुरीसारखी धारदार येईल आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, पेन्सिल टणाटण उड्या मारल्यासारखी दिसेल. १९९८च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये छायालेखक यानुश कामिन्स्कींनी युद्धाच्या प्रसंगांत शटर ४५ अंशांपर्यंत अरुंद केलं. उडणारा मातीचा कणन् कण सुटा दिसतो आणि पाहणाऱ्याला स्वस्थता मिळत नाही.

उलट प्रयोगही झाले. 'हॉबिट' मालिकेतला पहिला सिनेमा २०१२ मध्ये सेकंदाला ४८ चौकटींनी आला, आणि 'जेमिनी मॅन' २०१९ मध्ये १२० चौकटींनी चित्रित झाला. तांत्रिकदृष्ट्या सरस. तरी बऱ्याच प्रेक्षकांना सेट हा सेट वाटू लागला, रंगभूषा ही रंगभूषा. वर्षानुवर्षं जास्त चौकटी आपण बातम्या, सामने आणि मालिकांमध्येच पाहिल्या, त्यामुळे तो गुळगुळीतपणा डोक्यात तिथेच चिकटलाय, असं मला वाटतं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, आत्ताची पोरं गेम खेळत मोठी झालीत, त्यांना २४ चौकटीच अडखळत्या वाटतील. वाटोत बापडी.

"आणि ती उलटी फिरणारी चाकं?" हा प्रश्न गप्पांत येतोच. बारा आऱ्यांचं चाक सेकंदाला बरोबर दोन फेरे घेत असेल, तर प्रत्येक चौकटीच्या वेळी आधीच्या आऱ्याच्या जागी नेमका पुढचा आरा पोचलेला असतो. गाडी पळते, चाक स्थिर. वेग किंचित कमी झाला की आरा जागेच्या थोडा अलीकडे सापडतो. मेंदू जवळचा रस्ता धरतो आणि चाक मागे फिरतंय असा निकाल देतो. हाही न टिपलेल्या वेळेचाच खेळ.

आता कॅमेरे डिजिटल झाले. प्रोजेक्टरमधलं पातं गेलं, थिएटरमधला तो काळोखही गेला. बऱ्याच सिने-कॅमेऱ्यांच्या मेनूत शटर अजून '१८०°' असंच लिहिलेलं दिसतं, आत तबकडी नसली तरी. फोनच्या सेन्सरची मात्र वेगळीच तऱ्हा. तो संपूर्ण चित्र एकदम वाचत नाही, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. त्याला २० मिलिसेकंद लागले आणि छताचा पंखा सेकंदाला पाच फेरे घेत असला, तर पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत पातं ३६ अंश पुढे गेलेलं असतं. म्हणून फोनमध्ये सरळ पाती वाकडी दिसतात.

हे वाकडेपण नवं नाही. १८२४ साली पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने, पुढे ज्याचा इंग्रजी समानार्थी कोश गाजला त्यानेच, उभ्या फटींतून गाडीचं चाक जाताना पाहिलं तर आरे वाकलेले का दिसतात यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. सिनेमाच्या इतिहासात तो निबंध दृष्टिसातत्याचा पाया म्हणून सांगितला जातो. त्यात चित्रांच्या मालिकेबद्दल काहीच नाही. एक अरुंद फट चाकावरून सरकत जाते आणि प्रत्येक क्षणी चाकाचा एकच तुकडा दाखवते, एवढंच आहे. फोनचा सेन्सरही पंख्याकडे तसाच बघतो.