झऱ्याने नाव दिलेला खड्डा

गोव्यात सड्याला नाव असतं, व्हाळाला असतं, खाजनाच्या बांदालाही असतं. सर्व्हेवाला आला की ती सांगायला गाव जमतो. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात मात्र दिवसच्या दिवस माणूस भेटत नाही. तिथे नकाशा काढणाऱ्याने विचारायचं कुणाला?

१९१७ साली ब्रिटिश सैन्याची एक मोटार-तुकडी तिथल्या ‘ऐन अल कत्तारा’ या झऱ्यापाशी पोचली. त्यांनी वायुभारमापकावर दाबाची नोंद घेतली. त्यावरून हिशेब आला की झरा समुद्रसपाटीच्या सुमारे ६० मीटर खाली आहे. कोरड्या वाळवंटात, समुद्राच्याही खाली!

पण एका नोंदीवर नकाशा होत नाही. उंची आठ-साडेआठ मीटरने बदलली की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलतो. म्हणजे ६० मीटरांचा फरक जेमतेम सात हेक्टोपास्कलांचा. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं की पणजीत जागच्या जागी ठेवलेल्या यंत्राचा काटाही तेवढा सरकू शकतो. खड्डा खरा, की त्या दिवसाची हवाच वेगळी, हे कसं ठरवायचं?

उत्तर त्रिकोणमापनात होतं. दोन ठिकाणांमधलं अंतर ठाऊक असलं, की दोन्हीकडून तिसऱ्याचा कोन मोजून त्याची जागा काढता येते. वर-खालचा कोन मोजला तर उंचीही. अशी त्रिकोणांची साखळी ज्ञात उंचीपासून आत आत न्यायची. १९२०च्या दशकात वॉलपोल आणि क्लेटन या सर्वेक्षकांनी ती नेली. तापलेल्या हवेत दूरची खूण थरथरते, तरीही. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं.

खड्डा खरा निघाला, आणि केवढा! क्षेत्रफळ १९ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे आपले पाच गोवे त्यात मावतील. सर्वांत खोल जागा समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली. तळाशी बराच भाग मिठागरासारखा, वर खारट पापुद्रा आणि खाली चिखल. १९४२मध्ये अल अलामीनच्या लढाईत रणगाड्यांना दक्षिणेकडून वळसा घालता आला नाही, तो याच खड्ड्यामुळे.

१९२७ साली इजिप्तच्या वाळवंट सर्वेक्षणाचे जॉन बॉल यांनी ही मोजणी प्रसिद्ध केली. एवढ्या विस्ताराला नाव हवं होतं. त्यांनी पहिली नोंद जिथे झाली त्या झऱ्याचंच दिलं. आपल्याकडे केसरव्हाळ म्हटलं की पाणी डोळ्यांसमोर येतं, तसंच हेही नाव आहे. अरबीत कत्तारा म्हणजे ठिबकणारं.